दहा दिवसांचं चाक

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी एक तरतूद आहे. या तीन इयत्तांच्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तर घरी ठेवायचं आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार, कलावंत अशा जाणत्या माणसांच्या हाताखाली काम करून पाहायचं. ज्याला शाळेत कधी खुर्ची मिळाली नाही त्या कुंभाराचं नाव सरकारी दस्तऐवजात शिकवणारा म्हणून यावं, हे चांगलंच झालं. पण इतर काही हस्तकौशल्यांच्या बाबतीत दहा दिवस चालून जातील, चाकाच्या बाबतीत ते चालत नाहीत. दहा दिवसांत मुलगी रोपं लावायला शिकेल, करवत धरायला शिकेल, एखादी फळी बऱ्यापैकी सरळ कापेल. चाकावर दहाव्या दिवशी तिच्या हातात जे भांडं येईल ते बहुधा कुंभाराने मागून हात लावून सावरलेलं असेल, आणि हे दोघांनाही ठाऊक असेल. माझं म्हणणं असं, की तेरा ते सोळा या वयात चाक शिकणं फार मोलाचं आहे, पण ते मोल शिकण्याच्या लांबीत आहे. लांबी कापली की मातीत हात घालण्याचा कार्यक्रम तेवढा उरतो. शाळांना तेवढाच करायचा असेल तर करू नये, असंही मी म्हणेन. त्याने मुलांचा फारसा तोटा होत नाही, कुंभारकामाचा होतो. दहा दिवसांत ‘झालेली’ गोष्ट लोक दहा दिवसांच्या लायकीचीच समजतात.

चाकावर नेमकं काय अवघड असतं ते जरा सविस्तर पाहायला हवं, नाहीतर वरचं म्हणणं हवेत राहील. माती आधी मळावी लागते, खडे आणि हवा काढावी लागते. मग गोळा फिरत्या चाकाच्या बरोबर मधोमध आणायचा. बघणाऱ्याला ही पायरी दिसतच नाही, कारण नीट बसलेला गोळा फिरतोय की थांबलाय हे लांबून कळत नाही. न बसलेला गोळा मात्र प्रत्येक फेऱ्याला हाताला धक्का देतो, आणि नवशिक्याचा हात त्या धक्क्याबरोबर हलतो. मग माती हाताला चालवू लागते. कोपर मांडीला टेकवून हात स्थिर ठेवायचा आणि मातीला त्याच्याशी जुळवून घ्यायला लावायचं, हे सांगायला एक वाक्य पुरतं, अंगात उतरायला कित्येक आठवडे लागतात. पुढे अंगठ्याने गोळा उघडायचा, तळ किती जाड राहिला याचा न बघता अंदाज घ्यायचा, आणि आतली व बाहेरची बोटं समोरासमोर ठेवून भिंत वर घ्यायची. भिंत वर जाते तशी पातळ होते आणि तोंडाशी घेर पसरू लागतो, कारण फिरणारी वस्तू बाहेर पळू बघते. हात फार सावकाश उचलला तर माती पाणी पिऊन लिबलिबीत होते आणि बसते, झटक्यात उचलला तर भिंतीला पीळ पडतो. चाकाचा वेग आणि हात वर जाण्याचा वेग यांचं प्रमाण जुळावं लागतं. विजेच्या चाकावर वेग निदान पायाखाली असतो. काठीने फिरवायच्या जड पारंपरिक चाकावर तो सारखा ओसरत असतो, आणि त्या ओसरण्याचा हिशेबही हातालाच ठेवावा लागतो.

भांडं उभं राहिलं म्हणजे सुटलो, असंही नाही. माती सुकताना आक्रसते. तळ जाड आणि भिंत पातळ राहिली तर दोन्ही वेगवेगळ्या गतीने सुकतात आणि तळाला चीर जाते. आत ओल राहिलेलं भांडं भट्टीत पाणी उकळू लागलं की वाफेने फुटतं. ५७३ अंश सेल्सिअसला मातीतल्या वाळूचे, म्हणजे क्वार्ट्‌झचे, कण एकाएकी फुगतात आणि निवताना त्याच तापमानाला पुन्हा आकसतात. घाईने निववलेलं भांडं तिथे तडकतं. म्हणजे मातीला हात लावला त्या दिवशी झालेल्या चुकीचा निकाल कधी लगेच, कधी दोन दिवसांनी, तर कधी आवा उघडल्यावर लागतो. शिवाय आव्यात जाण्याआधीची प्रत्येक चूक भरून काढता येते: कोलमडलेलं भांडं भिजवा, मळा, पुन्हा गोळा करा. भाजल्यावर मात्र काही करता येत नाही. कुठली चूक परत घेता येते आणि कुठली नाही, ही समज पौगंडावस्थेत शिकवण्याचे मार्ग एरवी फार थोडे आहेत, आणि त्यातले बरेच महाग पडतात.

या कौशल्याला किती वेळ लागतो यावर अभ्यास झालेला आहे, आणि तो आपल्याकडच्याच कुंभारांवर झालेला आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासक वॅलेंटिन रू यांनी डॅनिएला कॉर्बेटा यांच्याबरोबर दिल्लीतल्या कुंभारांमध्ये चाकाचं शिक्षण तपासलं. त्यांचं पुस्तक १९८९ मध्ये आलं. मुलं अगदी लहान भांड्यापासून सुरुवात करतात, उंची आणि घेर वाढवत टप्प्याटप्प्याने पुढे जातात, आणि पूर्ण कसबी व्हायला दहा वर्षांच्या आसपास काळ लागतो, असं त्यांना दिसलं. मातीच्या वळकट्या एकावर एक रचून भांडं करण्याची कला याच्या मानाने फार लवकर येते. त्यांना यातून प्राचीन समाजाविषयी अनुमान काढायचं होतं: जिथे चाकावरची भांडी सापडतात तिथे आयुष्य त्या कामाला वाहिलेली माणसं असणार. आपल्या प्रश्नासाठी दुसरंच काही हाती लागतं. भांड्याची उंची काही बोटं वाढवायला महिने लागतात, कारण दरवेळी दोन्ही हातांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. २०१३ च्या आणखी एका अभ्यासात फ्रेंच आणि भारतीय कुंभारांना तेच आकार करायला दिले होते. हात धरण्याच्या पद्धती वेगळ्या निघाल्या, भांडी मात्र तुल्य उतरली. म्हणजे ‘असा हात ठेव’ एवढं सांगून हे येत नाही. प्रत्येकाला आपल्या शरीराने उत्तर शोधावं लागतं, आणि त्या शोधाला वेळ लागतो.

यावर लगेच विचारलं जाईल, की दहा वर्षं लागत असतील तर दहा दिवस काय आणि दोन वर्षं काय, दोन्ही अपुरीच. प्रश्न रास्त आहे. पण शाळेत दहा वर्षं मराठी शिकलेला प्रत्येक जण लेखक होत नाही आणि कुणी तशी अपेक्षाही करत नाही. आठवड्याला दोन तास, वर्षाचे पस्तीसेक आठवडे, अशी दोन वर्षं धरली तर एकशे चाळीस तास होतात. एवढ्यात कसबी कुंभार होत नाही, पण बहुतेक मुलं एक उंबरठा ओलांडू शकतील: गोळा मधोमध बसेल, सरळ भिंतीचं वीतभर भांडं मदतीशिवाय उभं राहील, आणि ते कोलमडणार असेल तर का, हे कोलमडण्याआधी हाताला कळेल. या उंबरठ्याच्या अलीकडे माती हट्टी वाटते, पलीकडे गेल्यावर आपला हात कुठे चुकला ते कळतं. दोष कुणाचा, याचं हे उत्तर बदलणं मला भांड्याहून मोठं वाटतं. दहा दिवसांच्या ओळखीत मूल अलीकडेच राहतं आणि ‘मला हे जमत नाही’ किंवा, त्याहून वाईट, ‘मला हे जमलं’ असा चुकीचा निकाल घेऊन घरी जातं.

आता मूळ मुद्दा. तेरा ते सोळा हे वय आपल्याकडे सर्वांत जास्त तपासलं जाणारं वय आहे. घटक चाचणी, सहामाही, सराव परीक्षा, मग दहावीचं बोर्ड. या सगळ्या तपासणीत निकाल देणारा कुणीतरी माणूस असतो, आणि माणसाशी घासाघीस करता येते हे मुलांना लवकर कळतं. अक्षर नेटकं ठेवलं, उत्तर लांबवलं, अधोरेखन केलं, सरांना वर्गात तोंड दाखवलं की अर्धा-एक गुण हलतो. मुलं यात वाईट काही करत नाहीत. व्यवस्था जशी आहे तशी ती वाचतात. चाकावर हा मार्ग बंद होतो. तयार भांडं तारेने उभं चिरलं की भिंतीची जाडी तळापासून काठापर्यंत उघडी पडते. कुठे ती फुगली, कुठे हात थबकला, तळाशी किती माती उगाच राहिली, हे शिकणारी स्वतः पाहते आणि त्यासाठी तिला शिक्षकाची गरज लागत नाही. चांगले शिक्षक सुरुवातीची भांडी अशी चिरायला लावतात ती याचसाठी. बाहेरून सुबक दिसणारं भांडं आतून बेढब असू शकतं आणि उलटही. ज्या वयात स्वतःविषयीचं मत दुसऱ्यांच्या नजरेतून बनतं, त्या वयात असा एक निकाल मिळावा ज्यात कुणाची नजरच नाही, ही मोठी सोय आहे. ओल्या, मातकट हातांनी फोन धरता येत नाही, हा फायदा मी जमेत धरत नाही. हात धुतले की तो संपतो.

इथे या कामाच्या हितचिंतकांपासूनच सावध राहावं लागतं. कुंभारकामाने एकाग्रता वाढते, गणित सुधारतं, ताण कमी होतो, सर्जनशीलता फुलते, अशी यादी शिबिरांच्या जाहिरातींत असते. एका क्षेत्रातला सराव दुसऱ्या क्षेत्रात आपोआप झिरपत नाही, हे थॉर्नडाइक आणि वुडवर्थ यांनी १९०१ मध्येच प्रयोगांनी दाखवलं होतं. एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० साली कलाशिक्षण आणि शालेय यश यांच्या नात्यावरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा दृश्यकला शिकल्यामुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला भरवशाचा आधार सापडला नाही. म्हणून मडकं करणाऱ्या मुलीला भूमिती चांगली येईल, असं आश्वासन कुणी पालकांना देऊ नये. ते खोटं ठरेल आणि त्याबरोबर चाकही बाद होईल. अशीच एक गोष्ट प्रेरणादायी व्याख्यानांत सांगतात: मातीकामाच्या वर्गात निम्म्या विद्यार्थ्यांना भांड्यांच्या संख्येवर गुण दिले, निम्म्यांना एकाच उत्तम भांड्यावर, आणि उत्तम भांडी संख्येच्या गटातून निघाली. १९९३ च्या ‘आर्ट अँड फिअर’ या पुस्तकामुळे ती पसरली. तिचं मूळ मातीकामाच्या वर्गात नव्हतंच, ते फ्लोरिडा विद्यापीठातल्या जेरी युल्समन यांच्या छायाचित्रणाच्या वर्गात होतं. सराव केल्याने हात सुधारतो हे खरं, पण न चिरलेली, न तपासलेली शंभर भांडी म्हणजे एकाच चुकीच्या शंभर प्रती होऊ शकतात. चाकाची बाजू घ्यायला अशा गोष्टींची गरज नाही.

मग तबला का नको, मल्लखांब का नको, असं कुणी म्हणेल. नको असं कोण म्हणतं? लांब पल्ल्याचं कुठलंही कौशल्य या वयात यावंच. तरी एक फरक राहतो. तबल्यातली चूक हवेत विरते. ती चूक होती हे सांगायला आधी जाणता कान लागतो, आणि तो कान घडायला पुन्हा काही वर्षं. मातीतली चूक टेबलावर पडून राहते, उद्या पाहता येते, मैत्रिणीच्या चुकीशेजारी ठेवता येते. ज्या शाळेत एका वर्गात साठ मुलं आणि शिक्षक एक, तिथे हा फरक मोठा आहे.

शिकण्याच्या क्रमाविषयीही थोडं बोलायला हवं, कारण शहरातल्या कार्यशाळांनी तो उलटा केला आहे. तिथे माणूस येतो, पैसे भरतो आणि पाचव्या मिनिटाला चाकावर बसतो. १९९० च्या ‘घोस्ट’ या चित्रपटाने चाकाला जो रोमान्स चिकटवला त्याचाही यात थोडा वाटा असावा. कुंभाराच्या घरात मूल चाकापर्यंत फार उशिरा पोचतं. आधी माती फोडणं, चाळणं, राख किंवा लीद मिसळणं, तुडवणं, सुकत घातलेली भांडी उन्हासावलीत फिरवणं, आवा रचताना हाताशी उभं राहणं. जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांच्या उमेदवारीचा जो अभ्यास केला त्यातही असंच दिसलं: नवा मुलगा बटणं लावणं, काठ दुमडणं या शेवटच्या कामांपासून सुरुवात करून मागे मागे जात कापड बेतण्याशी पोचतो. चूक स्वस्त पडेल अशा ठिकाणी आधी हात बसवायचा, हे त्यातलं शहाणपण. शाळेनेही पहिले काही आठवडे मुलांना चाक देऊ नये. मुलं कुरकुरतील, कुरकुरू द्यावीत. आपल्याकडे आणखी एक बाब आहे. माठ किंवा घागर निव्वळ चाकावर होतच नाही. चाकावर तोंड, गळा आणि जाड भिंतीचं बसकं अंग तयार होतं. मग ते थोडं सुकल्यावर आतून गुंडा धरून बाहेरून लाकडी थापटण्याने ठोकत ठोकत पोट फुगवतात आणि बूड गोल करतात. शहरी स्टुडिओत शिकवतात तो सपाट बुडाचा मग ही वेगळी परंपरा आहे. तिच्यातही तोलामोलाचं काम झालं आहे. रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१ मध्ये पुदुच्चेरीत सुरू केलेल्या गोल्डन ब्रिज पॉटरीने स्टुडिओ कुंभारांची एक आख्खी पिढी घडवली. पण मराठी शाळेतलं मूल मग करायला शिकलं आणि थापटणं कधी हातातच धरलं नाही, तर गावातल्या कुंभाराचं अर्धं काम त्याच्या नजरेआडच राहील.

थापटण्याचं नाव निघालं की तेरच्या गोरोबाकाकांची कथा आठवणारच: जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून त्यांनी कोण पक्कं, कोण कच्चं ते ठरवलं आणि नामदेव कच्चे निघाले. ही कथा आपण बहुतेक वेळा नामदेवांच्या फजितीसाठी सांगतो. कच्चं ठरल्यावर नामदेव विसोबा खेचरांकडे गेले, शिकले, हा भाग घाईत उरकतो. शाळेतही तसंच होतं. कच्चा हा शेरा प्रगतिपुस्तकात राहतो आणि पुढे काय करायचं हे कुणी सांगत नाही.

हाताच्या कामाला शाळेत आणण्याचा प्रयत्न आपल्याकडे नवा नाही, आणि तो का फसला हे पाहिल्याशिवाय पुन्हा करू नये. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि एखाद्या हस्तोद्योगाभोवती सगळं शिक्षण गुंफायची योजना, नई तालीम, आकाराला आली. कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात कार्यानुभव सुचवला. १९७७ मध्ये ईश्वरभाई पटेल समितीने त्याला समाजोपयोगी उत्पादक कार्य हे नाव दिलं. महाराष्ट्रात शिकलेल्या कुणालाही कार्यानुभवाचं पुढे काय झालं ते सांगावं लागत नाही: कागदी फुलं, थर्मोकोल, आईने रात्री जागून पुरं केलेलं विणकाम आणि शेवटी श्रेणी. अलीकडे त्यात शाडूच्या गणपतीची एक दिवसाची कार्यशाळा भरीला आली आहे. दरवेळी चूक एकच झाली. काम आत आलं, त्याचा वेळ बाहेर राहिला. गांधीजींच्या मूळ कल्पनेत वेळ भरपूर होता, पण तिथे दुसरी अडचण होती: मुलांच्या उत्पादनातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा ही अपेक्षा. त्यावर तेव्हाच टीका झाली आणि ती बरोबर होती. विक्रीसाठी केलेल्या भांड्यात चूक करायची मोकळीक राहत नाही. जे जमतं तेच पुन्हा पुन्हा करावं लागतं. म्हणून शाळेतली भांडी विकू नयेत. बहुतेक चिरावीत आणि माती परत हौदात टाकावी.

सगळ्यात गंभीर आक्षेप जातीचा आहे आणि त्याला गोड बोलून बगल देता येत नाही. बलुतेदारीत कुंभार गावाला मडकी पुरवायला बांधलेला होता. आज त्या कामाकडे आपण कोमल नजरेने पाहतो, तेव्हा हे काम त्याने निवडलेलं नव्हतं हे विसरतो. चाकाच्या आकारावरून थोरचाके आणि लहानचाके अशा पोटजाती पडल्या. हत्याराने माणसाचे सोयरसंबंधसुद्धा ठरवले. १९५३ मध्ये मद्रास राज्यात मुख्यमंत्री राजगोपालाचारी (राजाजी) यांनी शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. पेरियार आणि त्यांच्या चळवळीने तिला कुळाच्या धंद्याचं शिक्षण म्हणून कडाडून विरोध केला. पुढच्याच वर्षी राजाजींना पद सोडावं लागलं आणि कामराज यांनी योजना गुंडाळली. २०२३ मध्ये केंद्राची पीएम विश्वकर्मा योजना आली, अठरा व्यवसायांत कुंभाराचाही समावेश झाला. तमिळनाडूने ती आहे त्या रूपात राबवायला २०२४ मध्ये नकार दिला, कारण पुन्हा तेच: घराण्याच्या धंद्याची अट. ही हरकत मला पटते. कुंभाराच्या मुलाने चाक शिकावं म्हणून शाळेने काही करण्याची गरज नाही. त्याला ते सोडता यावं म्हणून शाळा हवी.

पण या आक्षेपातूनच माझ्या म्हणण्याला बळही मिळतं. जे काम जन्माने चिकटतं त्याला प्रतिष्ठा येत नाही, कारण ते कधी कुणी निवडलेलं नसतं. ब्राह्मणाची, मराठ्याची, मुसलमानाची, दलिताची मुलं एकाच बाकावर बसून दोन वर्षं माती तुडवतात, राख चाळतात, चाकावर हरतात, तेव्हा त्या कामातला अवघडपणा त्यांना आतून कळतो. जातीविषयीच्या प्रवचनाने जे होत नाही ते यातून होईलच असं मी म्हणत नाही. निदान माठ विकत घेताना पाच रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याला आपण काय पाडून मागतोय ते ठाऊक असेल. मुलींच्या बाबतीत तर शाळा थेट काही करू शकते. देशाच्या बहुतेक भागांत कुंभार कुटुंबातल्या बायका माती तयार करतात, भांडी घोटतात, रंगवतात, बाजारात विकतात; चाक पुरुषाकडे. त्यांना हाताचं कसब नसतं असं कुणी म्हणेल तर मणिपूरमधल्या आंद्रो गावाकडे पाहावं, तिथे चाकाशिवाय उत्तम भांडी बायकाच घडवतात. चाकाचा निर्बंध हा प्रथेचा भाग आहे, आणि शाळेतल्या चाकाला ती प्रथा लागू होत नाही.

उलट बाजूची भीतीही खरी आहे. शहरी, इंग्रजी बोलणारं मूल दोन वर्षांत जे शिकेल त्यावर पुढे ‘सिरॅमिक आर्टिस्ट’ होईल, त्याचा एक मग कुंभाराच्या दहा माठांच्या भावाने जाईल, आणि ज्याच्याकडून हे ज्ञान आलं तो धारावीच्या कुंभारवाड्यात किंवा तालुक्याच्या गावी संक्रांतीच्या सुगडांची वाट बघत बसेल. याला उपाय एकच दिसतो: शिकवणारा कुंभार असावा आणि त्याला शिक्षकाचा पगार असावा. पाहुणा म्हणून बोलावून शाल-श्रीफळ देऊन परत पाठवायचं नाही. बी.एड. नसलेल्याला शाळेत घेता येत नाही ही सबब आता लंगडी आहे, कारण २०२० च्याच धोरणात स्थानिक कलांच्या जाणकारांना प्रशिक्षक म्हणून नेमण्याची सोय आहे. जुन्या कसबाला तंत्राची जोड देण्याचं कामही आपल्या आसपास झालेलं आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी ग्रामोदय संघातून माती, भट्टी आणि चाकावर आयुष्यभर काम केलं. बेळगावजवळ खानापूरला खादी ग्रामोद्योगाची कुंभारकामाची संस्था आहे. अशा ठिकाणी तयार झालेल्या माणसाला हायस्कुलात कायम नोकरी देणं ही खर्चाची बाब आहे, अशक्य कोटीतली नाही. चाकं कमी असतील तर पाच मुलांना एक पुरेल. चार जण माती करतील, सुकवणं बघतील, कालची भांडी चिरतील. आव्याचा धूर शाळेत नको असेल तर भाजणं कुंभाराच्या आव्यात व्हावं.

राहिला वेळेचा प्रश्न. पालक म्हणतील, नववी-दहावीत आठवड्याचे दोन तास मातीत घालवायचे? म्हणून आठवी आणि नववी ही दोन वर्षं धरावीत आणि दहावी मोकळी ठेवावी. परीक्षा लेखी ठेवली तर सगळं संपलंच. ‘कुंभारकामाची साधने लिहा’ असा प्रश्न पडेल आणि गाइड निघतील. वर्षाच्या शेवटी मुलाने आपलं एक भांडं उभं चिरून ठेवावं, शेजारी पहिल्या महिन्यातलं चिरलेलं भांडं ठेवावं आणि दोघांतला फरक बोलून दाखवावा. गुण द्यायचेच असतील तर त्या बोलण्याला द्यावेत. आणि त्या वर्गात कुंभाराचं मूल असेल तर त्याला इतरांसारखंच विचारावं, चाक घेतोस की संगणक. त्याने संगणक घेतला तर शिकवणाऱ्या कुंभारासकट कुणीही भुवई उंचावू नये.